जोडाच्या खालचं झाड

३ ऑगस्ट

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडणार असशील, तर आधी आतलं चकचकीत पुस्तक बाहेर काढून घे. जाहिरातीचं आहे. त्याच्या पाचव्या पानावर तुझं झाड आहे. पंचवीस-तीस संत्री तरी लागलेली दिसतील. खाली पांढऱ्या खुर्चीत एक बाई वाचत बसली आहे, ती आपली कुणी नव्हे, फोटोपुरती शहरातून आणली होती. झाड मात्र तुझंच.

दोन वर्षं झाली. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. जमीन विकायच्या सहीच्या दिवशी तू पाण्याचा घोटही न घेता निघालीस. वकिलांच्या टेबलावर सही करायच्या आधी एकदा शेतावर जाऊन येते म्हणालीस, आलीस तेव्हा चपला मातीने भरलेल्या आणि पर्सची चेन काही केल्या लागत नव्हती. झाडावर तेव्हा फळ नव्हतं, मग पर्समध्ये काय कोंबलं होतंस कुणास ठाऊक. सही केलीस आणि मला एवढंच म्हणालीस, "माझं झाड राहिलं पाहिजे." मी हो म्हटलं. तर झाड राहिलंय, हे सांगायला हे पत्र.

इथे आता सुट्टीच्या पाहुण्यांसाठी चार इमारती आहेत, पाच-पाच मजल्यांच्या. चौथी आपल्या खालच्या तुकड्यावर आहे. सगळ्या गॅलऱ्या समुद्राकडे, निळ्या काचेच्या. सध्या माणसांनी गच्च भरल्या आहेत, दिवसभर फरशीवरून बॅगांच्या चाकांचा खडखडाट चालतो. सप्टेंबर उजाडून इकडचा उन्हाळा संपला की सगळे जातील आणि पडदे ओढले जातील ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. बाबांची पंपाची खोली मात्र पाडली नाही. तिला पांढरा रंग दिला आणि आत पोहणाऱ्यांचे टॉवेल ठेवतात.

मी इथला मुख्य माळी आहे. दुसरा माळी नाही, पण मुख्य मीच. गणवेश मिळालाय, खिशावर संत्रं भरतकामात काढलेलं. आपल्या बागेत चारशे झाडं होती, आता एक झाड आणि एक खिसा. हस की जरा.

एक गंमत सांगतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या इमारतीच्या मधे सपाट फरशी आहे. तिथून जाताना माझा पाय आपोआप उचलला जातो आणि मी टांग टाकतो, कारण तिथे आपला पाट होता. एका पाहुण्यांच्या मुलाने विचारलं, "काका, तुम्ही इथे उडी का मारता?" मी म्हटलं, गुडघ्यासाठी चांगलं असतं. आता तीन-चार पोरं तिथे आली की उड्या मारतात.

उत्तर दे. नुसतं "पोचलं" एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझा भाऊ


१९ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असणार, कारण परत आलं नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात राहून गेली. मुद्दाम लपवली असं नाही, पान संपत आलं होतं. झाड आहे, पण होतं तिथे नाही. जरा सरकवलंय. पंपाच्या खोलीपुढे होतं ना, तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. झाड तलावाच्या पलीकडे नेलं, चाळीस पावलांवर. तुझ्या पायाने चाळीस, माझ्या पायाने पस्तीस.

मोठं झाड कसं हलवायचं हे तुला सांगायला नको. बाबांनी चार झाडं हलवली, त्यातली चार जगली. एक वर्ष आधी अर्ध्या गोलात मुळं छाटायची, सहा महिन्यांनी उरलेला अर्धा गोल. बुंध्याला उत्तरेच्या अंगाने चुन्याचा ठिपका द्यायचा, म्हणजे नव्या जागी तेच अंग उत्तरेला ठेवता येतं. मी हे सगळं मॅनेजरला सांगायला गेलो. मॅनेजर वाईट माणूस नाही, त्याला फक्त सगळं शुक्रवारपर्यंत हवं असतं.

तो म्हणाला, "वर्षभर? अहो, मला आठ दिवसांत खड्डा खणायचाय. होईल की नाही ते सांगा."

आजूबाजूला सहा-सात जण उभे होते, यंत्रवाला घड्याळाकडे बघत होता. मी म्हटलं, "होईल."

चुन्याचा ठिपका मात्र दिला. तेवढं केलं. यंत्राने पट्ट्यात बांधून झाड उचललं आणि ते हवेत गोल फिरलं, खाली ठेवेपर्यंत उत्तर कुठच्या कुठे गेली होती. मी ओरडलो, पण त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार.

पण काळजी करू नकोस. पाने धरली आहेत. हिरवंगार आहे, नवी फूट कमरेपर्यंत आलीय. पाहुणे येता-जाता त्याच्यापुढे फोटो काढतात.

तुझा भाऊ


२ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी आहेत, मी वीस वेळा तरी वाचल्या. "मार्चमध्ये मुलीला घेऊन येते. चौथ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चार दिवसांसाठी खोली घेतली आहे. तिला झाड दाखवायचंय."

आनंद झाला. खरंच झाला. पण मार्च कशाला? मार्चमध्ये इथे वारा असा सुटतो की गॅलरीतल्या खुर्च्या तलावात जाऊन पडतात. पाणी इतकं गार असतं की पोर आजारी पडेल. चौथ्या इमारतीची लिफ्ट तर कधी चालते, कधी रुसते. शिवाय मार्चमध्ये संत्री नसतात, हे तूही जाणतेस. पुढच्या वर्षी डिसेंबरात ये. किंवा त्याच्या पुढच्या. मीच तुमच्याकडे येतो हवं तर, भाचीला बघायला. ती तीन वर्षांची होती मी शेवटची पाहिली तेव्हा. आता नऊची असेल, म्हणजे तू झाड लावलंस तेव्हा होतीस तेवढीच.

परवापासून मला तोच दिवस आठवतोय. बाबांनी आपल्या दोघांना दोन जंबेरीची रोपं दिली होती. रानटी, काटेरी, आंबट फळांची, पण मुळं दणकट. त्या रोपाच्या सालीला एक उभा आणि एक आडवा काप घ्यायचा, साल दोन्हीकडून हळूच उचलायची आणि आत गोड संत्र्याच्या काडीवरून सालीसकट काढलेला अंकुराचा डोळा सरकवायचा. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट बांधायची आणि एकवीस दिवस हात लावायचा नाही. तुझा डोळा हिरवा निघाला, माझा वाळला. बाबा म्हणाले, "हिचा हात हलका आहे. हा आपला ठोंब्या." गावभर तेच नाव पडलं. तू तर ते शाळेच्या मैदानात ओरडायचीस.

हे तुला सांगायला पस्तीस वर्षं लागली: माझा हात जड नव्हता. मी चौथ्या दिवशी पट्टी सोडून आत बघितलं होतं. राहवलंच नाही. डोळा तेव्हा हिरवा होता. मी पुन्हा जशीच्या तशी बांधून ठेवली आणि कुणाला काही बोललो नाही.

तर मार्चचं रद्द कर. ऐक माझं.

तुझा भाऊ


१८ मार्च

ताई,

तू रद्द केलेलं नाहीस. कार्यालयातल्या फळ्यावर २१ ते २४ तारखेसमोर तुझं आडनाव लिहिलंय, किल्लीलाही चिठ्ठी लागली आहे. गेले चार महिने मी रोज म्हणतोय, आज लिहितो. आता टोलवायला दिवस उरले नाहीत. हे पत्र तू निघायच्या आधी हातात पडावं एवढीच आशा आहे.

ते फोटोतलं झाड थाप आहे. संत्री बाजारातली होती. मॅनेजरने दोन पेट्या आणवल्या आणि मला म्हणाला, "तुम्हीच लावा, तुम्हाला जागा माहीत." मी शिडीवर चढून हिरव्या तारेने एकेक संत्रं बांधलं. बाबांच्या हाताखाली माझी एक पट्टी धड बसली नाही, पण त्या दिवशीची संत्री वाऱ्यानेसुद्धा हलली नाहीत. फोटोवाल्याने पाठ थोपटली. संध्याकाळी ती उतरवून सगळ्यांनी वाटून खाल्ली, मीही दोन खाल्ली.

झाड सरकवलं त्याच उन्हाळ्यात वरून वाळत आलं. आधी शेंडे, मग फांद्या, मग बुंध्याची साल जोडापर्यंत, तू डोळा बांधला होतास तिथवर. जोडाच्या वरचं सगळं गेलं, ताई. जे हिरवंगार म्हणून मी तुला लिहिलं ते जोडाच्या खालून फुटलेले पाणसोट आहेत. जंबेरीचे. बोटभर काट्यांचे. बाबा येता-जाता अंगठ्याच्या नखाने पाणसोट मोडायचे, आठवतं ना, "हे वर आले तर बाग गेली" म्हणायचे. मी ते मोडले नाहीत. उलट पाणी घातलं, खत घातलं, वाळकी खोडं कापून त्यांच्याआड लपवली. पाहुण्यांना काय, पाने हिरवी दिसली की झालं. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या पाहुण्याने त्याचं फळ सोलून तोंडात टाकलं आणि तलावाच्या कडेला थुंकला. तेव्हापासून फळं पिवळी व्हायच्या आत तोडून टाकायचा मला हुकूम आहे.

आता उरलेलं लिहितो. हे लिहायला मन धजत नाही, पण तू समोर उभी राहिलीस तर तोंडातून शब्द फुटणार नाही.

तुझ्या सहीच्या तीन आठवडे आधी जमीन घेणाऱ्यांनी मला कार्यालयात बोलावलं होतं. काचेच्या पेटीत सगळ्याचा छोटा नमुना ठेवलेला. कापसाची झाडं, पुठ्ठ्याच्या इमारती, आणि पंपाच्या खोलीपुढे निळ्या कागदाचा तलाव. मी बोट ठेवून विचारलं, इथे आमचं एक झाड आहे. ते म्हणाले, बघू काहीतरी. त्याच क्षणी मला कळलं होतं. तू "झाड राहिलं पाहिजे" म्हणालीस तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो निळा कागद होता, आणि मी हो म्हटलं.

का, म्हणून विचारशील. कुणी जबरदस्ती केली नाही. शेजारच्यांनी विकलं होतं, मधे आपलाच तुकडा उरला होता, तिन्ही बाजूंनी धूळ आणि यंत्रं. पण तेही निमित्तच. तू नोकरीला दूर गेलीस, आणि बाबांच्या मागे चौदा वर्षं मी ती बाग एकट्याने ओढली. एकही दिवस मला ती आवडली नाही. पहाटेचं पाणी, काट्यांनी फाटलेले हात, आणि दर झाडाशी बाबांचा आवाज, ठोंब्या, ठोंब्या. मला सुटायचं होतं. तू सुट्टीत यायचीस, झाडाखाली बसून फळ सोलायचीस आणि म्हणायचीस, "किती बरं वाटतं रे इथे." तेव्हा तुझा राग यायचा मला. हेही आजच सांगतोय.

सुटलो म्हणशील, तर आता मी इथल्या रिकाम्या इमारतींमधून पाटावरून उड्या मारत फिरतो. मला बाग नको होती, पण ती नसावी असंही कधी वाटलं नव्हतं. हे एवढं साधं मला सही करताना कळलं नाही.

येऊ नकोस. किंवा ये, पण पोरीला झाड दाखवू नकोस.

भाऊ


२६ मार्च

ताई,

तू येऊन गेलीस. माझं पत्र तुला मिळालं नव्हतं हे उघड आहे, ते पोचायच्या आतच तू निघाली असणार. परतल्यावर दाराखाली सापडलं असेल, आणि आता हे.

तू इथे होतीस ते चारही दिवस मी आजारी असल्याचा निरोप पाठवून माझ्या भाड्याच्या खोलीत बसून होतो. मला काही झालं नव्हतं. एकदा फाटकापर्यंत आलो. तलावाच्या कडेला भाची पाय पाण्यात सोडून बसलेली लांबून दिसली. बसायची ढब हुबेहूब तुझी. तू दिसली नाहीस, आणि मी परत फिरलो. लाज वाटली, दुसरं काय.

काल कामावर आलो तर मॅनेजर झाडापाशी उभा. झाड ओकंबोकं. एक सोडून सगळे पाणसोट मुळाशी मोडलेले, ढीग बाजूला नीट रचलेला. कात्रीने कापून नव्हे, अंगठ्याने, तळाशी, बाबा मोडायचे तसे. वाळका बुंधा उघडा पडला होता, मी चुन्याने दिलेला तो ठिपकासुद्धा दिसत होता, नैर्ऋत्येला. फक्त एक जाड पाणसोट ठेवला होता, आणि त्यावर वीतभर उंचीला प्लॅस्टिकची पट्टी बांधलेली, वरून निळी रिबीन.

मॅनेजर म्हणाला, "हे कुणी केलं? पाहुण्यांपैकी कुणी असेल तर मी दंड लावणार आहे."

मी म्हटलं, "मी केलं."

"तुम्ही तर आजारी होतात."

"मधे येऊन गेलो. छाटणी करायची होती."

"ही छाटणी? अहो, हजामत झालीय!"

मला बागेवरून काढलंय. आजपासून टॉवेलच्या खोलीत आहे. पंपाच्याच खोलीत म्हणजे, जिथून सुरुवात केली तिथेच. झाड उपटून कारंजं बसवायचं ठरलंय. मी विनवलं, १४ एप्रिलपर्यंत तरी राहू द्या. "चौदाला काय आहे?" म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, पण राहू द्या. खांदे उडवून बरं म्हणाला.

बाकीचं मला तिसऱ्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी निरोप आहे, माळीदादा. पण आधी हे सांगा, त्या बाई कोण तुमच्या? त्यांच्या फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या होत्या. मला वाटलं केर आहे, मी उचलायला गेले तर अशा ओरडल्या की माझ्या हातातली बादलीच पडली. मग स्वतःच माफी मागितली आणि मला चहा करून दिला. म्हणाल्या, माझ्याकडे कुंडीत झाड आहे, त्याच्या काड्या आहेत."

मी तिथेच जिन्यावर बसलो. पर्सची चेन. सहीच्या आधी. तू झाडाच्या काड्या कापून पर्समध्ये घातल्या होत्यास, त्यांचंच झाड पुढे कुंडीत वाढवलंस, आणि काड्या कापल्यावर मग येऊन सही केलीस. म्हणजे माझ्या "हो"वर तुझा तेव्हाच विश्वास नव्हता. माझं तोंड बघूनच तुला कळलं असेल. तरी सही केलीस. मला सुटायचं होतं तेही कळलं होतं का तुला?

मावशींनी लांबून सगळं बघितलं. म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी सकाळी बाईंनी सुरीने साल कापली, आणि आत ते काय ते मुलीने बसवलं. जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. मग बाईंनी बांधलं आणि मुलीने स्वतःच्या केसांची रिबीन सोडून दिली. निघताना मला म्हणाल्या, माळ्याला सांगा, एकवीस दिवस. चौथ्या दिवशी नाही."

पट्टी सोडल्याचं माझं ते नोव्हेंबरचं पत्र तू वाचलं होतंस तर. ताई, मला हसू आलं आणि मग जिन्यावर मावशींसमोरच रडू आलं. त्यांनी मला एक टॉवेल आणून दिला. टॉवेलची इथे ददात नाही.

तुझा ठोंब्या


१४ एप्रिल

ताई,

चौथ्या दिवशी मी झाडाकडे गेलोच नाही. पाचव्या दिवशी गेलो आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. मग रोज गेलो, कामाच्या आधी आणि कामानंतर. तलावाचं औषध घातलेलं पाणी उडू नये म्हणून बुंध्याभोवती चार खुर्च्या उलट्या लावून ठेवल्या, त्या मॅनेजर उचलायचा आणि मी परत लावायचो. मावशी येता-जाता विचारायच्या, "किती झाले?" मी सांगायचो, नऊ. पंधरा. एकोणीस.

आज सकाळी एकवीस झाले. मावशींना बोलावलं, कुणीतरी सोबत असावं म्हणून. रिबीन आधी सोडली, घडी करून खिशात ठेवली, ती या पाकिटात आहे. मग पट्टी सोडली.

डोळा वाळला आहे, ताई. तपकिरी पडलाय, नखाने स्पर्श केला तर गळून हातात आला. काडी दोन दिवसांच्या प्रवासात सुकली असेल, किंवा तलावाचं पाणी मुळाशी गेलं असेल, किंवा झाडालाच आता जोर उरला नसेल. मला ठाऊक नाही. काप मात्र सरळ होता आणि डोळा अगदी बरोबर जागी बसवलेला होता, वरची बाजू वर. भाचीला सांग, तिच्या हातात काही दोष नाही. तिला कुणी कसलं नाव ठेवायचं नाही. कुणी मधे उघडून बघितलं नाही, सगळं नीट केलं तरी कधी कधी वाळतं, असं सांग तिला. हे मी वेळ मारून न्यायला लिहीत नाहीये.

उद्या सकाळी यंत्र येणार आहे. मी रजा मागितलेली नाही, उभा राहणार आहे तिथे.

तुझ्या कुंडीतल्या झाडाला जोडाच्या खाली फूट येत असेल, ती मोडत जा. मला तुझ्याकडे यायचंय, ते झाड बघायला. ये म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तरी मी समजेन.

पट्टी टॉवेलच्या खोलीत खुंटीला टांगली आहे. मी ती परत बांधली नाही.

ठोंब्या